एका महिन्याच्या भाड्यात बसणारी गिटार

गुरुवारी सकाळी डबा भरता भरता बायकोने सुताराला विचारलं, "मला गिटार घ्यायची आहे. लाकडातलं तुम्हाला कळतं. शनिवारी याल का बरोबर?"

शेजाऱ्याकडे शिडी मागावी, इतक्या साधेपणाने तिने विचारलं. तो हो म्हणाला. तो कुठल्याही गोष्टीला हो म्हणायचा, तसा त्याचा लौकिकच होता.

लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती त्याला चारचौघांत 'अहो' आणि घरात 'तू' म्हणत आली होती. तीन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी तिने सांगितलं की दवाखान्याजवळ मी एक खोली बघते आहे, मिळाली की तिकडे राहायला जाणार आहे. त्या दिवसापासून घरातसुद्धा 'तुम्ही' सुरू झालं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. तिने आवाज चढवला नाही, फक्त त्याला एक पायरी वर चढवलं आणि तिथे एकट्याला उभं करून ठेवलं.

सुताराला वाटलं, जाईल निवळून. बाईमाणूस आहे, थकली असेल. ती दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दिवसाला पन्नास-साठ दंड हातात घ्यायची, डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून शीर शोधायची आणि माणूस बोलत असतानाच सुई आत घालून बाहेरही काढायची. लहान मुलं तिच्याकडे रडत नसत. अशी बाई घर सोडून जाते म्हणजे काहीतरी मोठं झालेलं असणार, असं लोकांना वाटायचं. पण तसं काहीच नव्हतं. दारू नाही, दुसरी बाई नाही, हात उगारणं तर लांबच. परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने फोनवर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, "पण झालं तरी काय?" आणि दोघांनाही एका वाक्यात सांगता आलं नाही.

गिटारीचं मात्र जुनं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका दुकानाच्या काचेसमोर ती थांबली होती. आत एक साधी, पिवळट गिटार टांगलेली. ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "घेऊया का? मी शिकेन." तेव्हा सुताराने छाती पुढे काढून सांगितलं, "विकत कशाला? सुताराची बायको तू. मी करून देतो. अशी करतो की हा दुकानदार बघायला येईल."

आणि ते त्याने मनापासून सांगितलं होतं. पुढच्याच आठवड्यात चित्रावरून पुठ्ठ्याचा साचा कापला. देवदाराच्या दोन फळ्या आणून माळ्यावर वाळत टाकल्या. लेक पोटात आली तेव्हा पाळण्याच्या बाजूंना लाकूड कमी पडलं, म्हणून त्या वापरल्या. तिनेच म्हटलं, वापर. पुन्हा दोन आणल्या, त्या एका गिऱ्हाइकाच्या दारात गेल्या, कारण त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. दर वेळी कारण खरं असायचं. हळूहळू त्याचा घरातला विनोद झाला. "खिडकीची कडी कधी लावणार?" "गिटार झाली की लगेच!" दोघंही हसायची. निदान सुताराच्या आठवणीत तरी दोघंही हसायची.

शनिवारी दोघं निघाली. तिच्या पर्समध्ये चार घड्या घातलेला कागद होता. त्यावर लॅबच्या रिपोर्टसारख्या बारीक अक्षरात तिने सगळं उतरवून घेतलं होतं. तारा नायलॉनच्या, लोखंडी नकोत. मान रुंद. वरची फळी अखंड लाकडाची, प्लायची नको. बाकी अंग प्लायचं असलं तरी चालेल. मंगळवारच्या क्लासला तिने नावसुद्धा घातलं होतं, आणि तिथल्या मास्तरांनी सांगितलं होतं की स्वस्त घ्या, पण एवढं बघून घ्या. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: एका महिन्याच्या भाड्याच्या वर जायचं नाही.

"कुठलं भाडं?" सुताराने विचारलं, आणि विचारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"खोलीचं," ती म्हणाली. "किल्ली मिळाली आहे, पहिल्या तारखेला जाते."

पहिलं दुकान मोठं होतं, दिव्यांनी लखलखणारं. भिंतीवर निळ्या, लाल, काळ्या गिटारी ओळीने टांगलेल्या. विक्रेता हसतमुख होता. त्याने विचारलं, मॅडम, मुलासाठी हवीय का? ती म्हणाली, माझ्यासाठी. तो क्षणभरही न अडखळता म्हणाला की शिकायला हेच वय चांगलं. मग त्याने एक गिटार काढून दिली. पिशवी फुकट, पट्टा फुकट, शिकायचं पुस्तकही फुकट. लेबलवर 'पूर्ण देवदार' असं सोनेरी अक्षरात लिहिलेलं.

सुताराने ती हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि मधल्या गोल भोकाच्या कडेवरून नख फिरवलं. अखंड लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरतात. इथे उतरत नव्हत्या. कडेला तीन थर दिसत होते, मधला तर पार भुश्याच्या रंगाचा.

"वरचा कागद देवदाराचा आहे," तो म्हणाला. "खाली काय आहे ते करणाऱ्यालाच ठाऊक."

विक्रेत्याने समजावलं की या किमतीत सगळीकडे असंच मिळतं, पळसाला पानं तीनच. त्यावर ती अगदी नम्रपणे म्हणाली, "मग 'पूर्ण' कशाला लिहिलंय? 'थोडा देवदार' लिहा ना." विक्रेत्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. पुढची गिटार काढायला तो काही जागचा हलला नाही.

दुकानाबाहेर आल्यावर दोघांनाही हसू आवरेना. कोपऱ्यावरच्या बाकावर बसून त्यांनी कागदी कपातला चहा घेतला. ती डोळे पुसत म्हणाली, "तू त्याचं तोंड बघितलंस? नखाने भोक खरवडलंस तेव्हा?"

तू. सुतार हलला नाही. खिडकीत पाखरू येऊन बसल्यावर माणूस श्वास रोखतो तसा तो बसून राहिला. मग सावकाश म्हणाला, "मला वाटलं, गिटारच हिसकावून घेईल." ती पुन्हा हसली. ऊन बेताचं होतं. ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती, आणि तिचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता. सुताराच्या मनात आलं, झालं, निवळलं. पहिली तारीख येईल आणि जाईल. एवढ्याशा खोलीत काय राहायचंय तिला?

दुसरं ठिकाण दुकान नव्हतंच. कपडे धुण्याच्या दुकानामागच्या जिन्याने वर गेलं की एक लांबट खोली होती, आणि तिथे वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एक बाई बसायच्या. साठीच्या असतील. केस कापलेले, एप्रनवर सरसाचे वाळलेले थेंब. दार उघडल्याबरोबर सुताराच्या नाकात ताज्या ढलप्यांचा वास गेला आणि त्याला एकदम घरच्यासारखं वाटलं. रंधा, पटाश्या, कानशी, सगळं जिथल्या तिथे. फक्त त्याच्याकडे दारं असायची, तिथे इथे व्हायोलिनं आणि गिटारी होत्या.

बाईंनी कागद वाचला, मान डोलावली आणि भिंतीवरून तीन जुन्या गिटारी उतरवल्या. तिन्ही त्यांनी दुरुस्त केलेल्या, तिन्ही भाड्याच्या आत बसणाऱ्या. मग बायकोला बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, डावा पाय छोट्या पाटावर ठेवायला लावला आणि डोळे मिटायला सांगितलं.

"आवाज निवडायचा," बाई म्हणाल्या. "रंग नाही, नाव नाही."

त्यांनी एकामागून एक तिन्हींवर तेच सहा स्वर वाजवले. मग सुताराला खूण करून क्रम बदलायला लावला आणि पुन्हा वाजवले. दोन्ही वेळा तिने एकाच गिटारीपाशी बोट वर केलं. डोळे उघडून बघते तर तिन्हींत तीच दिसायला डावी. वॉर्निश उडालेलं, आणि पुढच्या फळीवर खालपासून, तारा जिथे टेकतात त्या घोडीपर्यंत गेलेली एक बुजवलेली चीर.

सुताराने बाईंचा छोटा आरसा मागून घेतला आणि भोकातून आत बघितलं. चिरेच्या पाठीमागे टिकलीएवढे लाकडाचे पाच तुकडे आडवे चिकटवले होते, एकेक इतका नेटका की त्याला हेवा वाटला. फळी अखंड होती. मानेवरून एक डोळा मिटून बघितलं, मान सरळ. खुंट्या लोण्यासारख्या फिरत होत्या. "ही घे," तो म्हणाला. "चिरेला घाबरू नकोस. हे सांधलेलं लाकूड आजूबाजूच्या लाकडापेक्षा मजबूत असतं."

तिने तार दाबून बघितली. तारा उंच होत्या, बोट रुतत होतं आणि आवाज नीट निघत नव्हता. बाई म्हणाल्या, घोडीवरची हाडाची पट्टी जरा उंच आहे, खालून घासली की बसेल. आणि त्यांनी सरळ कानस सुताराच्या हातात दिली. "तुम्ही सुतार ना? मग माझी वाट कशाला बघता?"

पुढचा अर्धा तास सुतार आयुष्यभर विसरला नाही. तारा सैल करायच्या, ती करंगळीएवढी पट्टी काढायची, कानशीवर दहा वेळा ओढायची, पुन्हा बसवायची, तारा ताणायच्या. मग तो म्हणायचा, "दाब." ती शीर शोधावी तशी बोटं टेकवायची आणि दाबायची. "अजून जड आहे." पुन्हा काढायची. "आता?" "किंचित." मग तिसरी खेप. तिने दाबलं आणि उजव्या अंगठ्याने तार छेडली. स्वर स्वच्छ निघाला आणि बराच वेळ खोलीत राहिला. तिने मान वर केली तेव्हा तिचा चेहरा असा होता की सुताराने खाली बघितलं.

बाईंनी बजावलं की महिनाभर बोटांची टोकं दुखतील, मग घट्टे पडतील. ती विचारात पडली, कारण त्याच बोटांनी तिला लोकांच्या शिरा शोधायच्या असत. मग म्हणाली, "उजव्या हाताने शोधायला शिकेन." इतक्या चटकन म्हणाली की सुताराला आश्चर्य वाटलं. सवय बदलायला तिला एवढासुद्धा वेळ लागत नाही?

गिटार पुसून पेटीत ठेवता ठेवता बाईंनी सहज विचारलं. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं.

"तुमचा हात इतका चांगला आहे. घरात सुतार असताना तुम्ही माझ्याकडे आलात, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. साधी गिटार म्हणजे तुमच्यासारख्याला एका हिवाळ्याचं काम. तुम्हीच का नाही करून दिलीत?"

एका हिवाळ्याचं. सुताराने मनातल्या मनात हिवाळे मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

त्याच्याऐवजी तीच बोलली. "त्यांना वेळ कुठे असतो हो," ती हसून म्हणाली. "लोकांची दारं असतात. लोकांना रात्री दार लावून झोपायचं असतं. गिटारीवाचून कुणाचं अडतंय?"

हा आवाज सुताराच्या ओळखीचा होता. चोवीस वर्षं घरातला फोन तीच उचलायची. कपाट कधी देणार म्हणून गिऱ्हाईक चिडलेलं असायचं, आणि ती अशीच हसून सांगायची: पॉलिश वाळतंय, सकाळीच निघालेत, परवा नक्की. तो शेजारी बसून चहा पीत असायचा आणि तिला हाताने खुणा करायचा. गिऱ्हाइकं शांत व्हायची. आज ती त्याच आवाजात त्याची बाजू सांभाळत होती, आणि ज्या गिऱ्हाइकाला गेली बावीस वर्षं परवा-परवा ऐकावं लागलं होतं ते तीच होती.

खोली तिथून जवळ होती, तेव्हा गिटार परस्पर तिकडेच न्यायची ठरली. पेटी त्याने उचलली. थोडं चालून गेल्यावर तो म्हणाला, "मी खरंच करणार होतो."

"माहीत आहे."

"थट्टा नव्हती ती."

"ते पण माहीत आहे." मग तिने समोर बघतच सांगितलं. लेक दहा वर्षांची होती तेव्हा ती एकटी जाऊन एक गिटार घेऊन आली होती. अगदी स्वस्तातली. घरी आणायचा धीर झाला नाही म्हणून लॅबमधल्या कपाटात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत काढून नुसती मांडीवर घ्यायची. आठ दिवस ती तिथे होती. "शनिवारी घरी आणून दाखवायची ठरवली होती मी. आणि शुक्रवारी तू दोन फळ्या घेऊन आलास. आठवतंय? माझ्या कानापाशी धरून टिचकी मारलीस. म्हणालास, ऐक, हिच्यात गिटार आहे. इतका खूश होतास. तुझा तो चेहरा बघितला आणि सोमवारी मी ती परत देऊन आले."

"सांगायचंस ना मला."

"काय सांगायचं होतं? की माझा तुझ्यावर भरवसा नाही?"

सुतार चालत राहिला. पेटीची मूठ हातात रुतत होती, पण त्याने हात बदलला नाही.

"त्या फळ्यांचं काय झालं, आठवतंय?" तिने विचारलं.

त्याने आठवून बघितलं. पाळणा आठवला, लग्नघरचं दार आठवलं. तिसरी जोडी आणल्याचंच मुळी त्याला आठवेना.

"दातांच्या डॉक्टरांचं कपाट केलंस," ती म्हणाली. "मी जाते त्यांच्याकडे. खुर्चीत आडवं झालं की समोरच दिसतं."

खोली चौथ्या मजल्यावर होती. एक खिडकी, एक पलंग, बिनहाताची एक खुर्ची. भिंतीवर दुकानातून आणलेली, स्वतः स्क्रू पिळून बसवायची एक फळी तिने लावली होती आणि वर पुस्तकं ठेवली होती. फळी डावीकडे बोटभर कललेली. सुताराचा हात आपोआप तिकडे गेला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुस्तकं पडत नाहीत."

त्याने हात मागे घेतला. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं की इथे खरोखरच कुणीतरी राहायला येणार आहे. या बाईने एके दुपारी एकटीने भिंतीला भोक पाडलं होतं, आणि सुताराच्या घरातून साधा ड्रिलसुद्धा मागितला नव्हता.

ती खुर्चीवर बसली. पाट नव्हता म्हणून दोन जाड पुस्तकं पायाखाली घेतली. गिटार मांडीवर घेऊन मास्तरांनी नाव घालतानाच दाखवलेल्या मोकळ्या तारा एकेक करून वाजवल्या. वरून खाली, खालून वर. गाणं नव्हतंच ते. तरी तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते न पुसता ती वाजवत राहिली, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

सुताराला वाटलं, हीच वेळ. तो म्हणाला, "घरी चल. हिला घेऊन चल. वाजव रोज, मी काही म्हणणार नाही."

"तू कधीच काही म्हणाला नाहीस."

"मग? गिटार नाही मिळाली म्हणून कुणी घर सोडतं का?"

तिने तारांवर हात ठेवून आवाज थांबवला. "गिटारीसाठी नाही रे. तू हो म्हणतोस आणि मी थांबते. गिटार तेवढी दिसते, म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो. समुद्र बघायला जायचं होतं, ते राहिलं. माझ्या बहिणीला शेवटचं भेटायला जायचं होतं, तेव्हा तू म्हणालास एवढं काम संपवून रविवारी निघू. रविवार तिला मिळाला नाही. मी तेव्हा भांडले असते तर कदाचित राहिलेही असते. पण मला तुझा राग येत नाही. नुसती वाट बघायची सवय लागली मला. तिथे असले की मी वाटच बघत बसते. मला आता नाही बसायचं."

तीन महिने तो ज्या 'तू'साठी कासावीस झाला होता, ते आता प्रत्येक वाक्यात होतं. आणि ती परत येणार नाही हे त्याला त्या 'तुम्ही'पेक्षा या 'तू'ने जास्त स्वच्छ सांगितलं. मेहुणीचा तो रविवार त्याला आठवत होता. बायको त्यावर तेव्हा एक शब्द बोलली नव्हती, म्हणून त्याने ते मिटलं असं धरलं होतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. आणि त्याच्या तोंडून निघालं, "मी करतो ना आता. खरंच. या हिवाळ्याच्या आत तुला एक..."

त्याचं त्यालाच ऐकू आलं आणि तो थांबला.

ती त्याच्याकडे बघत होती. चिडून नव्हे. लहान मुलाला सुई टोचण्याआधी ज्या मायेने बघायची, तशी. मग तिने गिटार पलंगावर ठेवली, उठून दाराशी आली आणि त्याच्या सदऱ्यावरचा हाडाचा पांढरा भुसा हाताने झटकला.

"जा आता," ती म्हणाली. "जेवून घे."

पहिल्या तारखेला ती गेली. सामान फारसं नव्हतं. सुतारानेच चार खेपांत चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. पुढे घटस्फोटाच्या कागदपत्रांवर सह्या झाल्या, तेव्हाही दोघं एकाच बाकावर बसली होती, आणि तिने त्याला स्वतःचं पेन दिलं, कारण त्याचं चालेना.

घरातला फोन आता त्यालाच उचलावा लागे. पहिले काही दिवस त्याने वाजू दिला. मग उचलायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की पॉलिश वाळतंय हे वाक्य त्याला म्हणता येत नाही. जिभेवर यायचं आणि तिच्या आवाजात यायचं. म्हणून तो सांगायचा, झालं नाही. कधी होईल? माहीत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली त्यांची कामं तो वेळेवर द्यायला लागला, आणि लोक म्हणू लागले की बायको गेल्यावर माणूस सुधारला. ते ऐकून त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. एका बाईंनी मुलासाठी लाकडी घोडा करून द्याल का विचारलं. त्याने हातातलं काम बघितलं, बोटांवर आठवडे मोजले आणि नाही जमणार म्हणून सांगितलं. त्या जरा फणकाऱ्याने निघून गेल्या. इतकं सोपं होतं ते. आयुष्यात एकदा तरी बायकोला नाही म्हणाला असता, तर ती त्याच दिवशी त्या काचेच्या आत जाऊन ती पिवळट गिटार घेऊन आली असती, आणि बावीस वर्षं वाजवत बसली असती.

वर्ष उलटून गेलं. एका रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. ती आईकडे आली होती. क्लासमधल्या लोकांचा छोटासा कार्यक्रम होता, लेकीला धरून अकरा जण ऐकायला होते. बाबांना बोलवायचं का, असं तिने आईला विचारलं होतं म्हणे. आई बराच वेळ विचार करून म्हणाली होती, नको, मी पुन्हा त्यांच्याकडेच बघत बसेन.

सुतार रंध्याच्या बाकाला टेकून उभा राहिला. "बरोबर आहे," तो म्हणाला. मग विचारलं, "कसं वाजवलं?"

"मला कुठे त्यातलं कळतं, बाबा. पण मध्येच चुकली. सगळे गप्प झाले. मला वाटलं, आता रडते की काय. तर हसली, म्हणाली थांबा हं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. मग नाही चुकली."

"हसली?"

"हो. मोठ्याने."

त्याला आणखी विचारायचं होतं. कुठली खुर्ची होती, पायाखाली काय घेतलं होतं, खालच्या तारेचा आवाज खोलीच्या शेवटापर्यंत पोचत होता का. यातलं काही त्याने विचारलं नाही. लेक पलीकडून म्हणाली, "बाबा, आहात ना?" तो हो म्हणाला. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईन, चार दिवस राहीन. त्यालाही तो हो म्हणाला. मग लेकीनेच फोन ठेवला.